संध्यामठाचे पाणी : चित्रकार आबालाल रहिमान

कोल्हापूरचे थोर निसर्गचित्रकार आबालाल रहिमान यांच्याविषयी सामान्य वाचकाला जे ठाऊक असते, ते बहुधा तीन-चार आख्यायिकांपुरतेच असते. ते फकिरी वृत्तीने राहिले, रंग विकत घ्यायला पैसे नसत म्हणून पानाफुलांचे आणि मातीचे रंग वापरीत, हजारो चित्रे काढून एकही जपून ठेवले नाही, आणि राजर्षी शाहू छत्रपती गेल्यावर शोकावेगात आपली चित्रे पाण्यात सोडून दिली. या कथा ऐकून मन हेलावते आणि मग त्यांचे एखादे चित्र समोर आले की पाहणारा त्या चित्रात या कथाच शोधू लागतो. प्रस्तुत लेखकाकडूनही हे घडले आहे आणि तेही याच ग्रंथालयाच्या सभागृहात, सभासदांच्या साक्षीने. तापीकाठच्या ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात पंचगंगाकाठच्या चित्रकाराचे चरित्र का, असा प्रश्न कुणाच्या मनात आल्यास त्याचे उत्तर त्या प्रसंगात आहे. तो पुढे यथाक्रम येईलच.

आबालालांचा जन्म कोल्हापुरात १८६० च्या सुमारास झाला. अब्दुल अझीज हे त्यांचे मूळ नाव. आबालाल हे घरगुती संबोधन पुढे जगाने स्वीकारले. घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचा व्यवसाय होता. छापखाने गावोगावी पोचण्यापूर्वीच्या त्या काळी हे काम प्रतिष्ठेचे आणि कमालीच्या सबुरीचे असे. बोरूचा कोन किंचित बदलला तरी अक्षराचे वजन बदलते. ओळीतले मोकळे अंतर लिहिलेल्या अक्षराइतकेच तोलून ठेवावे लागते. पानाच्या कडेची वेलबुट्टी मजकुरावर कुरघोडी करणार नाही, हे पाहावे लागते. बालवयातच हे संस्कार ज्याच्या हातावर झाले, त्याने पुढे जलरंगात काम करताना कागदाचा कोरा भाग निर्भयपणे कोरा ठेवला, यात मला तरी नवल वाटत नाही. अरबी-फारसीचे शिक्षणही त्यांना घरच्या परंपरेतूनच मिळाले.

कोल्हापुरातील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीला फारसी शिकविण्याचे काम तरुण आबालालांकडे आले, तिने त्यांची चित्रे पाहिली आणि तिच्या प्रयत्नाने त्यांची मुंबईस जाण्याची सोय झाली, असे सांगितले जाते. तपशील कसाही असो, १८८० मध्ये ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले आणि १८८८ पर्यंत तेथे शिकले. १८५७ साली स्थापन झालेल्या या शाळेची सूत्रे त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाती होती. बऱ्हाणपूरच्या वाचकांना हे नाव अपरिचित वाटू नये. आपल्यापासून फार दूर नसलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचा मोठा उद्योग १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षे ज्यांनी चालविला, तेच हे ग्रिफिथ्स. शाळेतील नित्याचा अभ्यास मात्र सर्वस्वी युरोपीय वळणाचा होता. पुतळ्यांच्या साच्यांवरून छायाप्रकाशाचे रेखन, यथार्थदर्शन, मानवी देहाचा अभ्यास, असा तो क्रम. आबालालांनी त्यात असाधारण प्रावीण्य मिळविले आणि १८८८ मध्ये व्हाइसरॉयचे पदक पटकाविले.

असे पदक मिळविणाऱ्या तरुणाला मुंबईत काय करता आले असते, याचे उत्तर त्यांच्याच गावच्या दुसऱ्या चित्रकाराच्या चरित्रात आहे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये याच शाळेत आले, तेथेच अध्यापक झाले आणि पुढे काही काळ शाळेच्या प्रमुखपदीही राहिले. आबालाल मात्र शिक्षण संपताच कोल्हापूरला परतले व कायमचे तेथेच राहिले. पराभव पत्करून ते आले असे मानण्यास आधार नाही. माझा तर्क साधा आहे. त्यांना जे रंगवायचे होते, ते कोल्हापुरात होते.

कोल्हापूर हे पाण्याचे गाव. पंचगंगेचा घाट, पश्चिमेस विस्तीर्ण रंकाळा, आणि गावाच्या दुसऱ्या अंगाला कोटितीर्थाचा शांत तलाव. या कोटितीर्थाच्या परिसरात आबालाल राहू लागले. गरजा थोड्या, संसाराचा व्याप नाही, लौकिकाची हौस नाही. पहाटे किंवा उन्हे कलल्यावर कागद व रंगाची पेटी घेऊन निघावे, एखाद्या काठावर बसावे, आणि समोर जे दिसते ते हाताएवढ्या, प्रसंगी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उतरवून घरी यावे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. तीच जागा ते पुन्हा पुन्हा रंगवीत. काल पाहिलेला घाट आज वेगळा असतो, कारण धुके वेगळे, पाण्याची पातळी वेगळी, सूर्य ढगामागे किती आहे ते वेगळे. फ्रान्समध्ये क्लोद मोने याने १८९० च्या दशकात गवताच्या गंजी आणि एका चर्चची दर्शनी बाजू निरनिराळ्या वेळी रंगवून जी चित्रमालिका केली, तिची जगभर चर्चा झाली. त्या चित्रांची माहिती आबालालांना होती, असे म्हणण्यास पुरावा नाही. रंगाचे छोटे छोटे ठिपके शेजारी शेजारी ठेवून प्रकाशाचा थरार आणण्याची त्यांची रीत पाहून समीक्षकांना फ्रेंच दृक्प्रत्ययवाद्यांची आठवण होते. तुलना चुकीची नाही. पण तिच्यामुळे आबालालांची किंमत वाढते असे समजणे मात्र चुकीचे आहे.

१८९४ मध्ये शाहू छत्रपतींनी राज्यकारभार हाती घेतला. कुस्ती, नाटक, गायन आणि चित्रकला यांना त्यांनी दिलेला आश्रय सर्वविदित आहे. आबालालांनाही दरबारचा आधार मिळाला. महाराजांना माणसाची पारख होती. या चित्रकाराला वेळापत्रकात बांधण्यात अर्थ नाही, हे त्यांनी ओळखले असावे. कारण दरबाराशी संबंध येऊनही आबालालांचा काठावर जाऊन बसण्याचा नेम सुटला नाही.

येथे थोडे विषयांतर करून आपल्या गावात यावे लागेल. निसर्गातून मनाची अवस्था दाखविण्याची भारतीय चित्रकलेची एक जुनी, पक्की पद्धत होती. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात ऋतू आणि प्रहर कसे ओळखीचे करावेत, याचे संकेत दिलेले आहेत. संध्याकाळ दाखवायची तर आकाशाची लाली आणि संध्यावंदनात मग्न द्विज काढावेत, अशा प्रकारचे ते संकेत आहेत. पुढे रागमाला चित्रांत या पद्धतीला बहर आला. तोडी म्हटली की वीणा घेतलेल्या स्त्रीभोवती हरणे यायचीच. आसावरी म्हटली की चंदनाचे झाड आणि साप. मेघ म्हटला की काळे ढग, बगळ्यांची रांग, नाचणारा मोर. या चित्रांत झाड हे नुसते झाड नसते आणि ढग हा नुसता ढग नसतो. जाणकार प्रेक्षकाने खूण ओळखायची आणि भाव जागा करायचा, असा तो करार होता.

दख्खनच्या सुभ्याचा कारभार आपल्या बऱ्हाणपुरातून दीर्घकाळ पाहणारा अब्दुर्रहीम खानखानान हा ग्रंथांचा आणि चित्रांचा मोठा भोक्ता. त्याच्या पदरी स्वतंत्र चित्रकार होते. रामायणाची सचित्र प्रत त्याने करवून घेतली. आणि इंग्लंडात ऑक्सफर्डला सतराव्या शतकापासून असलेली रागमालेची काही पाने अभ्यासक त्याच्याच चित्रशाळेशी जोडतात. म्हणजे निसर्गाच्या खुणा वाचून भाव ओळखण्याच्या परंपरेशी या गावाचे जुने नाते आहे. आपल्या अंगी ते किती मुरलेले आहे, हे मला पुढे कळायचे होते.

आबालालांच्या चित्रात ही खूण नाही. मोर नाही, विरहिणी नाही, बहुतेक वेळा ठळक माणूसदेखील नाही. असलीच तर काठावर रंगाच्या एका थेंबाएवढी आकृती. कलाशाळेत त्यांनी शिकलेला छायाप्रकाशही येथे वस्तूचा घाट दाखविण्यासाठी राबत नाही. मग भाव येतो कोठून? नीट पाहिले तर काही गोष्टी हाती लागतात. क्षितिजरेषा ते बहुधा अस्पष्ट ठेवतात, त्यामुळे पाणी कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते, हे डोळ्याला चटकन सांगता येत नाही आणि नजर रेंगाळते. अतिशय गडद आणि अतिशय उजळ असे रंग समोरासमोर क्वचितच येतात. मधल्या छटांचीच वस्ती जास्त, म्हणून चित्राचा आवाज खाली राहतो. पाण्यातील प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा किंचित मऊ आणि किंचित लांब असते. वस्तूंच्या कडा ओल्या कागदावर विरलेल्या असतात. आणि ज्याला आपण पाण्यावरचा उजेड समजतो, तो पुष्कळदा रंगच नसतो. तो न रंगविलेला कागद असतो. कातिबाच्या घरचा मुलगा येथे दिसतो. भाव या सगळ्यांच्या मेळातून येतो. त्यातला एकेक घटक अमुक गोष्टीचे प्रतीक आहे, असे बोट ठेवून सांगता येत नाही.

आता तो प्रसंग. या ग्रंथालयाच्या एका व्याख्यानासाठी मी आबालाल हा विषय घेतला होता. मूळ चित्रे मी तोवर पाहिली नव्हती. रंकाळ्यातील संध्यामठाच्या त्यांच्या चित्राची एक छापील प्रत मला मिळाली होती, ती मोठी करून मी फळ्यावर लावली. पाण्यात अर्धी बुडालेली दगडी वास्तू, तिचे थरथरते प्रतिबिंब, वर मावळता करडा-निळा प्रकाश, जवळपास कोणी नाही. मी त्याचा अर्थ मोठ्या आत्मविश्वासाने उलगडून सांगितला. मठ म्हणजे निराधार झालेला कलावंत, बुडत जाणारे खांब म्हणजे ओसरलेला राजाश्रय, आणि निळसर छाया म्हणजे ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेल्यानंतरचा शोक. सभा भारावली होती, हे कबूल केले पाहिजे. मीही भारावलो होतो.

व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतील एक वृद्ध सभासद पुढे आले. त्यांची हयात हातमागावर गेली होती आणि चित्रकलेवरील एकही पुस्तक त्यांनी वाचलेले नव्हते. त्यांनी चित्र जवळून न्याहाळले आणि विचारले की, हे तळे उन्हाळ्यात इतकेच भरलेले असते का. मला सांगता येईना. मग ते म्हणाले की, आपल्या राजघाटासमोरच्या पात्रातला दगडी हत्ती जेव्हा पाण्याखाली जातो, तेव्हा आपण रडत नाही. तापीला पाणी आले म्हणून लोक घाटावर पाहायला जातात. या मठाचे खांब बुडाले आहेत त्याअर्थी पाऊस चांगला झाला आहे. चित्रकाराने भरल्या तळ्याचे चित्र काढले आहे, त्यात शोक कोठे आहे?

मला उत्तर सुचले नाही. पुढे चौकशी केली तेव्हा त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. संध्यामठ पावसाळ्यात रंकाळा भरला की पाण्यात जातो आणि पाणी उतरले की पुन्हा मोकळा होतो. कोल्हापूरकराला ती वर्षाकाठची, ओळखीची, बहुधा समाधानाची खूण. ज्या गोष्टीला मी प्रतीक समजलो, ती त्या गावची ऋतूची नोंद होती. खूण वाचण्याची कला त्या विणकर सभासदांना होती, मला नव्हती. कारण त्यांनी आधी पाणी पाहिले आणि मी आधी चरित्र पाहिले. शिवाय आणखी एक चूक माझ्या लक्षात आली आणि ती अधिक गंभीर होती. माझ्याजवळच्या प्रतीवर सन नव्हता. ते चित्र १९२२ नंतरचे आहे, हे मी कशावरून ठरविले होते? केवळ ते मला उदास वाटले म्हणून. आणि ते उदास का, तर ते १९२२ नंतरचे म्हणून. तर्कशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतला विद्यार्थीही हे वर्तुळ ओळखील.

निळसर छायेचेही तसेच. जलरंगातले सगळे रंग सारखे टिकाऊ नसतात. कार्माइनसारखा तांबडा, वनस्पतिजन्य पिवळा, हे उजेडाने फिके पडतात. मातीचे रंग मात्र जसेच्या तसे राहतात. ऐंशी-शंभर वर्षे भिंतीवर टांगलेल्या संध्याकाळीतली लाली उडून गेली आणि करडेपणा तेवढा मागे राहिला, असे सहज घडू शकते. त्यात छापखान्यात शाई कमीअधिक झाली की निळा रंग वर येतो. म्हणजे ज्या छटेवरून मी चित्रकाराच्या अंतःकरणात शिरलो, ती छटा कदाचित सूर्यप्रकाशाची आणि छापखान्याची होती. निसर्गचित्राचा भाव सांगण्यापूर्वी आपण नेमके कोणते चित्र पाहत आहोत, याची खात्री करून घ्यावी, हे पथ्य तेव्हापासून मी पाळतो.

याचा अर्थ आबालालांच्या चित्रांत विषाद नाहीच, असे मला म्हणायचे नाही. त्यांच्या सायंकाळच्या काही चित्रांत एक एकाकी शांतता आहे आणि ती पाहणाऱ्याला स्पर्श करते. परंतु भरल्या पाण्याकडे टक लावून पाहण्यातला आनंद आणि दिवस मावळतानाची हुरहुर या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर नांदू शकतात, आणि बऱ्हाणपूरच्या माणसाला तरी हे समजावून सांगण्याची गरज नसावी. सूर्य मावळताना राजघाटावर आपण जातो, ते दुःख करायला जातो की सुखावायला, हे आपल्यापैकी कोणाला नेमके सांगता येईल?

महाराजांच्या निधनाचा आबालालांना धक्का बसला, यात शंका नाही. त्यानंतर त्यांनी चित्रांचा मोठा साठा कोटितीर्थात सोडून दिला, ही कथा कोल्हापुरात श्रद्धेने सांगतात. त्यांनी आयुष्यात वीस हजार चित्रे काढली, असा आकडाही सांगितला जातो. आकड्याची शहानिशा आता होणे कठीण. मात्र रोजच्या रोज काम करणाऱ्या या माणसाची चित्रे काही हजारांत सहज जात असतील आणि त्यांतील अगदी थोडी आज शिल्लक आहेत, एवढे निश्चित. ती सगळी पाण्यातच गेली असतील असे नाही. मागेल त्याला चित्र देऊन टाकण्याचा त्यांचा स्वभाव, हलका कागद, कोल्हापूरचा दमट पावसाळा आणि वाळवी, एवढी कारणे पुरेशी आहेत. शोकाची कथा अधिक भव्य आहे, म्हणून ती टिकली. आणि कोणाच्या घरी एखादे चित्र पडून आहे का, हे शोधण्याची तळमळ मात्र तिच्यामुळे मंदावली. चित्रे बुडालीच आहेत असे एकदा मनाने घेतले की माळ्यावरची जुनी ट्रंक उघडून कोण पाहणार? आख्यायिकेने केलेले हे नुकसान मला वाळवीच्या नुकसानाहून मोठे वाटते.

त्यांनी रीतसर शिष्यशाखा निर्माण केली नाही. तरीही कोल्हापूरच्या पुढच्या पिढीतील चित्रकारांना त्यांच्याविषयी गुरुभाव होता. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू त्यांत प्रमुख. बाबूराव पेंटर यांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून मूकपटांच्या क्षेत्रात नाव मिळविले. प्रकाशाकडे पाहण्याचे जे शिक्षण त्या मंडळींना मिळाले, त्यात कोटितीर्थाच्या काठावर बसणाऱ्या या अबोल माणसाचा वाटा होता. गावाबाहेर झोळी-पेटी घेऊन निसर्ग रंगवायला जाण्याची कोल्हापूरच्या चित्रकारांची रीत पुढे कित्येक पिढ्या टिकली, तिचेही मूळ आबालालांच्या नित्यक्रमात आहे. २८ डिसेंबर १९३१ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्या व्याख्यानानंतर काही वर्षांनी, भर उन्हाळ्यात, भुसावळहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून मी कोल्हापूरला गेलो. टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आबालालांची मूळ चित्रे पाहिली. छापील प्रतीच्या मानाने ती किती लहान आणि किती ऊबदार आहेत, हे पाहून मी थोडा ओशाळलो. दुपार कलल्यावर रंकाळ्यावर गेलो. आज पर्यटकांची नजर प्रथम वेधून घेणारा शालिनी पॅलेस आबालालांच्या दृश्यात नव्हताच. त्याचे बांधकाम त्यांच्या अखेरच्या वर्षी सुरू झाले. संध्यामठापासून पाणी पार मागे हटले होते. खांब तळापर्यंत उघडे पडले होते आणि त्यांच्यावर निरनिराळ्या पावसाळ्यांतील पाण्याच्या रेषा स्पष्ट उमटलेल्या दिसत होत्या. मठाच्या सावलीत दोन मुले पतंगाचा गुंता सोडवीत बसली होती. सर्वांत वरची पाण्याची रेषा माझ्या खांद्याच्याही वर होती. मी तेथे उभा राहून चित्रातले पाणी कोणत्या रेषेपर्यंत होते, त्याचा अंदाज घेतला, आणि परत आल्यावर तो त्या वृद्ध सभासदांना सांगायला गेलो. ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले की, यंदा तिकडे पाऊस कसा आहे.